माळ्यावरची स्लॉट कार पुन्हा धावली

काकांनी इंग्लंडहून आणलेला स्केलेक्स्ट्रिकचा संच (ट्रॅकच्या खाचेत धावणाऱ्या विजेच्या छोट्या गाड्यांचा, म्हणजे स्लॉट कारचा हा खेळ तिकडे 1957 साली आला) माळ्यावरून काढला, ट्रॅक जोडला, तर गाड्या ढिम्म हलेनात. लहानपणी लाल गाडी कोणाची यावरून मी आणि दादा हातघाईवर यायचो.

दोष गाडीत की ट्रॅकमध्ये? 9 व्होल्टची बॅटरी गाडीखालच्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांना टेकवली आणि मागची चाकं गरागरा फिरली. म्हणजे मोटर ठणठणीत. या गाड्यांत बॅटरी नसतेच. खाचेच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांतून 12 व्होल्ट मिळतात. मुंबईच्या दमट हवेने त्यांवर गंज चढला होता. खोडरबरने घासून, सुक्या फडक्याने पुसून काढला. जाड सँडपेपर नको, ओरखड्यांत पुन्हा मळ बसतो. ट्रॅकचे सैल सांधे पकडीने हलकेच आवळले. गाडीच्या विणलेल्या पट्ट्यांची टोकं विंचरून किंचित खाली वाकवली आणि आसावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. थेंबच हं, टायरला तेल लागलं की गाडी जागच्या जागी फिरते.

कंट्रोलर दाबताच गाडी सुसाट सुटली! वळणावर मात्र खाच सोडते, कारण मागचे टायर वाळून कडक झालेत. ते नवेच घ्यावे लागणार.