तारा तुटला, सॅटेलाइट गेला का रॉकेट पडलं? गच्चीवर पडून ओळखायचं कसं

२०२२ चा गुढीपाडवा आठवतो का? २ एप्रिल, संध्याकाळचे पावणेआठ झाले असतील, पुरणपोळी खाऊन जड झालेलो मी गच्चीवर आडवा पडलो होतो आणि आभाळातून पेटत्या गोळ्यांची एक रांगच्या रांग निघाली. सगळी गल्ली ओरडायला लागली, कोणी म्हणे विमान पेटलं, कोणी म्हणे उल्का, शेजारच्या आजी नुसत्या "हाई काय शे रे भाऊ" करत हात जोडून उभ्या. आणि मी खिशात फोन चाचपतोय! लॉक उघडून कॅमेरा चालू होईपर्यंत खेळ खलास, व्हिडिओत फक्त आमची पाण्याची टाकी आली. नंतर तज्ज्ञांनी सांगितलं की तो चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा टप्पा होता, त्याची जवळपास तीन मीटरची धातूची रिंग तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत पडली.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, आधी बघायचं आणि तोंडाने सेकंद मोजायचे, फोन नंतर.

कारण सेकंदच सगळं सांगून देतात. "एक... दोन" म्हणेपर्यंत संपलं तर उल्का, म्हणजे आपला तुटता तारा. तीन-चार मिनिटं एकसारखा, न लुकलुकता सरकत राहिला तर सॅटेलाइट. लाल-हिरवे दिवे लुकलुकले तर विमान, सोडून द्या. आणि वीस, तीस, चाळीस सेकंद झाले तरी ते जळतच चाललंय, मागे शेपूट आहे, तुकडे सुटून एकाच दिशेने चाललेत, तर तो अंतराळातला कचरा. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किमी वेगाने घुसते, कचरा साधारण ७-८ किमीनेच, म्हणून तो निवांत जाताना दिसतो.

आता सुरुवात कुठून करायची? तर स्पेस स्टेशनपासून (अंतराळवीर राहतात ते मोठं सॅटेलाइट), कारण ते सगळ्यात चमकदार आणि वेळेचं पक्कं. हेवन्स अबव्ह नावाची साइट आणि अ‍ॅप आहे, त्यात आपलं ठिकाण टाकायचं (जळगाव, धुळे, नंदुरबार काय असेल ते, गावाचं नाव सापडलं नाही तर नकाशावर बोट ठेवा), की येत्या दिवसांतल्या वेळा येतात. यादीत तेज दिलेलं असतं, तिथे लोक हमखास फसतात, आकडा जितका कमी तितकं जास्त चमकदार, उणे ३ म्हणजे झकास, ४ म्हणजे गावातल्या लाईटीत दिसणार पण नाही.

उंची अंशात असते. हात पुढे ताठ करून मूठ वळली की ती साधारण १० अंश झाकते. आपली मूठ बरोबर आहे का ते तपासायला ध्रुव आहेच, खान्देश २१ अक्षांशाच्या आसपास, त्यामुळे ध्रुवतारा उत्तरेला क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर. सातपुड्याच्या अगदी पायथ्याला राहत असाल तर क्षितिज डोंगराने खाल्लेलं असतं, तेवढं धरून चाला. यादीत ४० अंशांच्या वरचा फेरा निवडा आणि पाच मिनिटं आधी जाऊन बसा, ते स्टेशन साधारण ४०० किमीवरून ताशी २८,००० किमीने जातं, तुमच्या चहासाठी थांबत नाही.

वेळ सूर्यास्तानंतरचे दीड-दोन तास किंवा पहाट. मध्यरात्री जागून उपयोग नाही, कारण या सॅटेलाइटला स्वतःचा दिवा नसतो, आपल्याकडे अंधार आणि तिकडे वर ऊन असेल तेव्हाच ते चमकतं. म्हणूनच संध्याकाळी बऱ्याचदा आभाळाच्या मधोमध येऊन ते विझतं. पृथ्वीच्या सावलीत शिरलं, बाकी काही नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं माझेच डोळे गेले.

पावसाळ्यात नाद सोडा. आपल्याकडे खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे भरीत पार्टीचा. मळ्यात वांगी भाजून झाली की आग विझवा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं द्या, बॅटरीला लाल जिलेटीन कागद गुंडाळा. केळीच्या बागेला लागून मात्र बसू नका, बिबट्याचा भरवसा नाही, आणि बांधावर आडवं व्हायच्या आधी बॅटरी मारून बघा. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव जोरात असतो, एक-दोन सेकंद मोजायची प्रॅक्टिस तिथेच होऊन जाते.

एका ओळीत दिव्यांची गाडी दिसली, भुसावळ जंक्शनवरून रात्रीची पॅसेंजर निघावी तशी, तर घाबरू नका, ते नुकतेच सोडलेले स्टारलिंक, म्हणजे इंटरनेट पुरवणारे सॅटेलाइट. काही दिवसांत ते पांगतात.

कचऱ्याचं मात्र टाइमटेबल नसतं. कुठे पडणार याचे अंदाज येतात, पण वेळेत एका तासाची चूक म्हणजे जागेत २८,००० किमीची चूक, तेव्हा "आज रात्री आपल्यावर पडणार" असले मेसेज पुढे ढकलू नका. दिसलंच तर मोजा, मग वेळ राहिला तर फोन आडवा धरून भिंतीला टेकवा, फ्रेममध्ये एखादा खांब किंवा झाड येऊ द्या, झूम नको. त्या खांबावरून नंतर दिशा काढता येते.

आणि शिवारात खरंच काही पडलेलं सापडलं, गोल टाकी, रिंग, काळा दोरा गुंडाळल्यासारखा गोळा, तर हात लावू नका. टाकीत हायड्राझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. पोरांना आणि गुरांना लांब ठेवा, लांबूनच फोटो काढा, ११२ ला फोन करा नाहीतर तहसीलला कळवा. भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका, १९६७ च्या अंतराळ कराराप्रमाणे तो तुकडा तुमच्या वावरात पडला तरी मालकाचाच राहतो.