‘तू कोण?’ असे विचारू नये : घरात बाधेची शंका आल्यास कॅथोलिक कुटुंबाने काय करावे

घरातील तरुण मुलगी रात्री-अपरात्री किंचाळू लागली, आवाज बदलून बोलू लागली किंवा क्रूसाकडे पाहून तोंड फिरवू लागली, की कोल्हापुरात दोन सल्ले लगेच दारात येतात. शेजारच्या मावशी म्हणतात की अमावास्येच्या आत देवरुष्याकडे नेऊन उतारा करून घ्या. प्रार्थनेच्या मंडळीतील कोणी उत्साही गृहस्थ मात्र मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, बायबल उंचावून, ‘येशूच्या नावाने सांग, तू कोण आहेस?’ असे ओरडण्याची तयारी दाखवतो. पहिला सल्ला आपल्या श्रद्धेत बसत नाही हे कॅथोलिक घरात सांगावे लागत नाही. दुसराही बसत नाही, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते, कारण तो आपल्याच शब्दांत दिलेला असतो.

नियम स्पष्ट आहे. कॅथोलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेतील (कायद्याच्या ग्रंथातील) कलम 1172 प्रमाणे, स्थानिक धर्माधिकाऱ्याची, म्हणजे व्यवहारात बिशपांची, खास आणि स्पष्ट परवानगी असल्याशिवाय बाधित व्यक्तीवर भूतनिस्सारणाचा विधी कोणालाही करता येत नाही. ही परवानगी केवळ धर्मगुरूलाच मिळते, आणि तीही भक्ती, ज्ञान, विवेक व निष्कलंक आचरण हे चार गुण त्याच्या ठायी असतील तरच. आपल्या धर्मग्रामाचे, म्हणजे स्थानिक चर्चचे, फादरसुद्धा स्वतःच्या मनाने तो विधी करू शकत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे प्रापंचिकांची, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांची, मर्यादा कुठे असावी हे वेगळे सांगावे लागत नाही. 29 सप्टेंबर 1985 रोजी, म्हणजे नेमक्या संत मायकलच्या सणाच्या दिवशी, व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांतविषयक विभागाने बिशपांना एक पत्र पाठवले. त्यावर कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर, म्हणजे पुढे पोप झालेले बेनेडिक्ट सोळावे, यांची सही होती. अधिकार नसलेल्या व्यक्तींनी अशा प्रार्थनासभा चालवू नयेत की ज्यांत सैतानाला थेट संबोधले जाते आणि त्याची ओळख विचारली जाते, असे त्यात बजावले आहे. खरी बाधा नसून नुसता सैतानी प्रभाव असावा असे वाटले तरीही हा नियम लागू होतो.

ओळख विचारण्यावर एवढा कटाक्ष का, हे आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळावे. देवरुषी नेमके तेच करतो. ‘तू कोण? कुठून आलास? कुणी धाडलं? काय घेऊन जाशील?’ अशा प्रश्नोत्तरांवरच त्याचा सारा व्यवहार उभा असतो. उत्तर आले की सौदा ठरतो, आणि उतारा हा त्या सौद्याचा मोबदला असतो. लिंबू-नारळाच्या जागी पवित्र पाणी आले आणि अंगाऱ्याच्या जागी तेल आले, तरी प्रश्न तेच राहिले तर संवादही तोच राहतो. जुन्या, 1614 च्या विधिग्रंथात धर्मगुरू सैतानाचे नाव विचारतो, हे खरे आहे. पण त्याच ग्रंथात त्याला कुतूहलाचे, अनावश्यक प्रश्न टाळण्याची ताकीद आहे, आणि कोणाला बाधा झाली आहे असे सहजासहजी मानू नये हीही सूचना सुरुवातीलाच दिलेली आहे.

बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात इफिस शहरातील स्किवाच्या सात मुलांची हकिकत आहे. पौल ज्या येशूची घोषणा करतो त्याच्या नावाने ते भुतांना आज्ञा करू लागले. तेव्हा दुष्ट आत्म्याने उत्तर दिले की येशूला मी ओळखतो, पौलही मला ठाऊक आहे, पण तुम्ही कोण? आणि त्या बाधित माणसाने त्यांच्यावर झडप घालून त्यांना उघडेनागडे व जखमी करून घरातून पळवून लावले. जो प्रश्न आपण विचारायला निघतो तो उलटून आपल्यावरच येतो, आणि ‘मी बिशपांनी पाठवलेला धर्मगुरू आहे’ हे उत्तर आपल्याजवळ नसते. यहूदाच्या पत्रात तर मुख्य देवदूत मायकलसुद्धा सैतानाला स्वतः दूषण देत नाही. ‘प्रभू तुला धमकावो’ एवढेच म्हणतो.

आता आणखी एक धोका, आणि माझ्या मते आपल्याकडे हाच सर्वांत घातक आहे. बदललेल्या आवाजाला ‘तुला कुणी पाठवलं?’ असे विचारले की कधी कधी नाव येते. ते बहुधा भावकीतल्या चुलतीचे, सासरच्या नणंदेचे किंवा बांधाच्या वादातल्या शेजाऱ्याचे असते. बाधा खरी नसेल, तर घरात रोज कानांवर पडणारा संशयच त्या मुलीच्या तोंडून बाहेर पडलेला असतो. ती खरी असेल, तर बोलणारा तो सैतान आहे ज्याला योहानाच्या शुभवर्तमानात येशूने लबाडीचा बाप म्हटले आहे. दोन्ही बाजूंनी ती साक्ष निरुपयोगी ठरते, तरीही तिच्यावर विसंबून माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या दारात जात नाहीत. म्हणून त्या अवस्थेत मुलीने कोणाचे नाव घेतले, तर ते कागदावर लिहू नये, नातेवाइकांना सांगू नये आणि मोबाइलवर मुलीचे चित्रीकरण तर मुळीच करू नये.

‘विश्वास ठेवणारे माझ्या नावाने भुते काढतील’ हे मार्कच्या 16 व्या अध्यायातील वचन पुढे करून कोणी वाद घातला, तर त्याला नम्रपणे सांगावे की ख्रिस्ताने आपल्या सभेला, म्हणजे चर्चला, दिलेला हा अधिकार कोणी नाकारत नाही. तो कोणी व कोणत्या आज्ञेत राहून वापरायचा हे ख्रिस्तसभा ठरवते. बहात्तर शिष्य आनंदाने परतले तेव्हा आत्मे तुम्हांला वश होतात याचा आनंद मानू नका, असे प्रभूनेच सांगितले होते. पाचदहा माणसांसमोर आपल्या शब्दाने कोणी थरथरले की अहंकार फार लवकर चढतो.

प्रत्यक्षात करावयाच्या गोष्टींत पहिली गोष्ट डॉक्टरांची आहे, आणि हा काही श्रद्धेचा कमकुवतपणा नव्हे. कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातील परिच्छेद 1673 मध्येच म्हटले आहे की आजार, विशेषतः मानसिक आजार, ही वेगळी बाब असून तिचा उपचार वैद्यकशास्त्राने करावयाचा असतो, आणि विधीपूर्वी आजार नाही याची खात्री करून घ्यावी. फिट, प्रसूतीनंतरचे मानसिक आजार, स्किझोफ्रेनिया, मेंदूचा ज्वर यांपैकी कशानेही माणूस ‘दुसऱ्याच आवाजात’ बोलू शकतो. कोल्हापुरातील सरकारी सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे. रात्र असेल आणि बोलण्यासाठी कोणी हवे असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. जिवाला धोका असेल तर रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करावा. चालू गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत. जर्मनीतील ॲनेलिझे मिशेल या तरुणीवर बिशपांची परवानगी घेऊन 1975 आणि 1976 मध्ये 67 वेळा विधी झाले. 1 जुलै 1976 रोजी ती उपासमारीने मरण पावली, आणि 1978 मध्ये तिचे आईवडील व दोन धर्मगुरू निष्काळजीपणामुळे घडलेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरले. परवानगी असूनही वैद्यकीय देखरेख सुटली तर काय होते हे तिथे दिसले.

मुलीला बांधणे, मारणे, उपाशी ठेवणे, मिरचीची धुरी देणे यांपैकी काहीही, कितीही प्रार्थना म्हणत केले, तरी ते पाप आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारहाण करणे, धुरी देणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हाही आहे. त्याची शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत असून तो करणारा हिंदू की ख्रिस्ती हे कायदा पाहत नाही.

प्रार्थना जरूर करावी. ती कोणाला उद्देशून आहे एवढेच प्रत्येक वाक्यागणिक तपासावे. ‘प्रभो, हिला सोडव’ हे वाक्य देवाला आहे. ‘हिला सोड, नीघ’ हे सैतानाला आहे. पहिले आपले, दुसरे आपले नव्हे. ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ ही प्रभूच्या प्रार्थनेची ओळ याच कामासाठी आपल्याला मिळालेली आहे. माळेची प्रार्थना (रोझरी), बायबलमधील स्तोत्र 91, पवित्र पाण्याने स्वतःवर केलेली क्रूसाची खूण, उपवास, मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासनाविधी) आणि वेळेवर केलेले पापनिवेदन यांना कोणाच्याही परवानगीची गरज नाही. संत मायकलच्या प्रार्थनेबाबत मात्र घोटाळा होतो. पोप लिओ तेरावे यांनी 1886 मध्ये मिस्सेनंतर म्हणण्यासाठी घातलेली छोटी प्रार्थना कोणीही म्हणू शकतो. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा, 1890 मधील लांबलचक सूत्रपाठ सैतान व पतित दूतांना आज्ञा देतो, आणि 1985 च्या पत्राने प्रापंचिकांना त्याचा वापर, अगदी तुकड्यातुकड्यानेही, करू नये असे सांगितले आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पाठांत हे दोन्ही एकत्र केलेले आढळतात. वाचताना ‘तुला आज्ञा करतो’ असे शब्द आले की तिथे थांबावे.

घरच्या प्रार्थनासभेत अचानक कोणी किंचाळून खाली पडले, तर ढोलकी-टाळ्या आणि मोठ्याने म्हणणे बंद करावे, लहान मुलांना बाहेर न्यावे, डोक्याला इजा होणार नाही असे पाहावे, कोणीही अंगावर ओणवून हात ठेवू नयेत, आणि बाईमाणूस असेल तर शेजारी तिच्या ओळखीची एक शांत बाई बसवावी. बाकीच्यांनी हळू आवाजात माळ म्हणावी.

फादरांकडे जाताना ‘भूत लागलंय’ असा निकाल घेऊन जाऊ नये. काय दिसले, केव्हा सुरू झाले, डॉक्टरांनी काय लिहून दिले आणि मध्ये देवरुष्याकडे जाणे झाले असेल तर तेही, लाज न बाळगता, सांगावे. घरातील ताईत व मंतरलेले दोरे स्वतः विधीच्या थाटात जाळत बसण्यापेक्षा फादरांना विचारून त्यांची वासलात लावावी. ते गरजेप्रमाणे आजाऱ्यांसाठीची प्रार्थना किंवा घराचा आशीर्वाद करतील, आणि प्रकरण खरोखरच त्यापलीकडचे वाटले तर डॉक्टरांचे कागद मागवून बिशपांकडे पाठवतील. त्यात काही आठवडेही जाऊ शकतात. तोवर मुलीला वेळेवर जेवण, झोप आणि औषधे मिळतील असे पाहावे, आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल कोणी कुजबुजणार नाही याची जबाबदारी घरातील एका मोठ्या माणसाने घ्यावी.