मराठी अक्षरांचा मेकॅनिकल कीबोर्ड सांगली-साताऱ्यात कसा मिळवावा

साताऱ्याचा पोवई नाका असो की सांगलीचं विश्रामबाग, कॉम्प्युटरच्या दुकानात मराठी अक्षरांचा मेकॅनिकल कीबोर्ड मागितलात की उत्तर बहुधा ठरलेलं: ‘तसला नाही येत साहेब, साधा हिंदीवाला आहे, देऊ?’ तो हिंदीवाला रबरी पापुद्र्यावर चालणारा, मेंब्रेन असतो; मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. नको म्हणा. ऑनलाइन शोधूनही दोन्ही गोष्टी एकत्र असलेला तयार नग सहसा हाती लागत नाही, आणि परदेशातून मागवायचा तर कस्टम्स ड्युटी वेगळी. त्यापेक्षा कीबोर्ड वेगळा घ्या आणि अक्षरं वेगळी मिळवा.

असं करता येतं, कारण कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवतच नाही. कुठल्या जागचं बटण दाबलं, त्याचा ठरलेला आकडा तेवढा पाठवतो. त्या जागेला इंग्रजी ‘के’ म्हणायचं की मराठी ‘क’, हे विंडोज किंवा लिनक्स ठरवतं. म्हणजे दुकानातला कुठलाही चांगला मेकॅनिकल कीबोर्ड आजच मराठी लिहितो. नाहीत ती फक्त वरची अक्षरं. याची उलट बाजूही लक्षात ठेवा: मराठी छापलेला कीबोर्ड नुसता जोडून मराठी उमटत नाही.

आधी तुमचा हात कुठला ते बघा

तुम्ही ‘namaskar’ या इंग्रजी स्पेलिंगने ‘नमस्कार’ उमटवणाऱ्यांपैकी असाल, तर मराठी अक्षरांवर पैसे घालू नका. विंडोज १० मध्ये २०१९ पासून ‘मराठी फोनेटिक’ आहेच. आवडेल तो कीबोर्ड घ्या, बाकीचा लेख तुमच्यासाठी नाही.

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी ३० किंवा ४० (मिनिटाला इतके शब्द) करून आलेल्यांचा हात बहुधा रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, बसलेला असतो. त्या मांडणीच्या तयार कॅप्स, म्हणजे बटणांवरच्या सुट्या टोप्या, शोधणं म्हणजे नसती उठाठेव. शिवाय ही मंडळी खाली बघतातच कुठे? इंग्रजी कॅप्सच राहू द्या.

उरले इनस्क्रिप्टवाले. ही सरकारी प्रमाण मांडणी. १९८६ मध्ये ती ठरली, १९९१ च्या आयएस १३१९४ मानकात आली आणि २०१६ च्या आयएस १६३५० मध्ये सुधारून घेतली गेली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. नव्याने शिकणाऱ्याने हीच शिकावी असं माझं मत आहे, आणि कर्नाटकच्या सीमेलगतच्या जतकडच्या माणसाने तर नक्कीच: कन्नडचा ‘क’सुद्धा त्याच बटणावर असतो, हात पुन्हा बसवावा लागत नाही.

शोधताना

‘मराठी’ लिहून शोधलंत तर फार थोडं सापडेल. ‘देवनागरी’, ‘हिंदी’, ‘इनस्क्रिप्ट’, ‘बायलिंग्वल’ असे शब्द कॅप्स आणि स्टिकर यांच्यापुढे लावून बघा. वर्णनावर जाऊ नका, फोटो मोठा करून ‘के’चं बटण बघा. तिथे ‘क’ असेल तर इनस्क्रिप्ट. नुसता काना असेल तर ती हिंदीची रेमिंग्टन, सोडून द्या. ‘जे’वरून ओळखायला जाऊ नका, दोन्हींत तिथे ‘र’च असतो. मग ‘एन’वर ‘ल’च्या वर ‘ळ’ छापलाय का, ते बघा. हिंदी गिऱ्हाइकासाठी काढलेल्या मालात ‘ळ’ गाळलेला असू शकतो, आणि आपलं ‘ळ’शिवाय एक वाक्य धड होत नाही.

कीबोर्डचं अंग

मांडणी अँसी घ्या, म्हणजे आडवा लांबट एंटर आणि त्याच्या डोक्यावर बॅकस्लॅश. इनस्क्रिप्टमध्ये ‘डॉक्टर’मधला ‘ॉ’ याच बॅकस्लॅशवर असतो. उलट्या एल आकाराच्या मोठ्या एंटरमध्ये हे बटण दुसरीकडे सरकतं, मग हातही चुकतो आणि तयार कॅपही बसत नाही. आकड्यांची ओळ पूर्ण हवी, कारण शिफ्टसकट ५, ६, ७, ८ वर ज्ञ, त्र, क्ष, श्र आहेत. ८७ बटणांचा टीकेएल, म्हणजे उजवीकडचा आकड्यांचा चौकोन नसलेला, बहुतेकांना पुरतो. दिवसभर आकडे भरणाऱ्याने १०४ चा घ्यावा. ६१ बटणांचे चिमुकले कीबोर्ड दिसायला छान, पण मराठीसाठी मी सुचवणार नाही. उजवीकडचा आल्ट आहे ना, तेही बघा, सुधारित इनस्क्रिप्टची काही चिन्हं त्याच्यावर असतात.

स्विचचं थोडक्यात: निळा खडखडतो, तपकिरी बोटाला हलका खटका देतो, लाल सरळ खाली जातो. बँकांत आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षं ऐकू येणारा टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड खडखडणाऱ्यांतलाच. घरात रात्री लिहायचं असेल तर निळा घेऊ नका, भिंतीपलीकडचे उठतील. स्विचचा दांडा अधिकच्या चिन्हासारखा, चेरी एमएक्स पद्धतीचा आहे ना, ते कॅप काढायला लावून डोळ्यांनी बघा. बाहेरच्या कॅप्स त्यावरच बसतात. असे कीबोर्ड दोन-तीन हजारांपासून मिळतात.

अक्षरं

तयार देवनागरी कॅप्स दुर्मीळ का? चांगल्या कॅप्स ‘डबल-शॉट’ असतात, म्हणजे अक्षर आणि भोवतालचं प्लास्टिक वेगवेगळं ओतलेलं. त्यात प्रत्येक अक्षराला साचा लागतो, तो परवडायला हजारो गिऱ्हाइकं हवीत. ‘डाय-सब’मध्ये साच्याची भानगड नाही, उष्णतेने शाई प्लास्टिकमध्ये मुरवतात. म्हणून मराठीला हाच रस्ता. तुमचं डिझाइन घेऊन असा सेट छापून देणारे ऑनलाइन विक्रेते आहेत. कॅप्स पीबीटी प्लास्टिकच्या मागा, एबीएस प्लास्टिकला ती उष्णता सोसत नाही. मात्र शाई उठून दिसायला कॅप फिक्या रंगाची लागते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर बसणाऱ्याने पांढऱ्याच्या भानगडीत पडू नये, महिन्याभरात भंडारा उधळल्यासारखा दिसेल. मध्यम राखाडी घ्यावा.

फाइल पाठवण्याआधी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, रूपांतर करायला विसरू नका. नाहीतर तिकडच्या मशीनवर फॉन्ट नसला की वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. सुटी मात्रा टाइप केल्यावर शेजारी ठिपक्यांचं वर्तुळ येतं, ते राहू द्या. नुसती ऱ्हस्व वेलांटी बटणावर ओळखू येत नाही.

स्वस्तातला उपाय म्हणजे स्टिकर. तयार शीट लॅपटॉपच्या सपाट बटणांसाठी असते. मेकॅनिकल कॅप खाली रुंद, वर अरुंद आणि मधे खोलगट. पूर्ण झाकणारा स्टिकर कडेने उचलला जातो आणि आठवड्यात बोटाला चिकटतो. म्हणून पट्टीने कॅपचा वरचा भाग मोजा, आणि फक्त उजव्या अर्ध्या भागात बसेल एवढा पारदर्शक स्टिकर करून घ्या.

इथे गावातला माणूस उपयोगी पडतो. गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडे जाल, तर तो प्लॉटरवर अक्षरं कापून देतो म्हणेल. कापू देऊ नका. पाच मिलिमीटरच्या ‘क्ष’ची गाठ सोलताना तुटते, ‘ळ’चे डोळे भरून जातात. त्यापेक्षा डिजिटल प्रिंटिंगवाल्याकडून पारदर्शक व्हायनलवर छापून, वर मॅट लॅमिनेशन करून, चौकोन कापून घ्या. कॅप गडद असेल तर अक्षर पांढऱ्या शाईत लागेल, ती त्यांच्याकडे आहे का ते आधी विचारा. स्पेसबार सोडून अक्षरं उमटवणारी बटणं ४७, तेव्हा एका ए-फोर शीटमध्ये दोन-तीन संच सहज निघतात. जास्तीचे जपून ठेवा, काना आणि ‘र’ आधी झिजतील.

बसवणं आणि तपासणी

काढण्याआधी कीबोर्डचा फोटो घ्या. तारेच्या पुलरने कॅप सरळ वर ओढा. तिरकी ओढली तर स्विचचा दांडा तुटू शकतो. शिफ्ट, एंटर, स्पेसबार यांना हात लावू नका, त्यांच्याखाली आधाराच्या तारा असतात. नव्या सेटमध्ये ‘एफ’ आणि ‘जे’च्या कॅप्सना, म्हणजे ‘ि’ आणि ‘र’ला, उंचवटा हवाच. स्टिकर असेल तर कॅप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून, चिमट्याने लावा.

मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज उघडून मराठी जोडा. विंडोज आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. कीबोर्ड बटणांची कामं बदलून देणाऱ्या ‘व्हिया’ या सॉफ्टवेअरवर चालणारा असेल, तर ही जोडी कॅप्सलॉकच्या बटणावर बसवून टाका. मराठीत कॅपिटल अक्षरं नाहीतच, ते बटण रिकामंच पडलेलं असतं.

आता ‘बाळ’, ‘डॉक्टर’, ‘ॲप’ आणि ‘साताऱ्याला’ लिहून बघा. शेवटच्या शब्दाची बटणं अशी: एम, ई, एल, ई, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई, एन, ई. ‘सातार्याला’ असं रफार घेऊन उमटलं, तर ‘जे’ शिफ्टशिवाय दाबला गेलाय. शिफ्ट दाबूनही तसंच आलं तर कीबोर्डला दोष देऊ नका, भाषेच्या यादीत मराठीखाली इनस्क्रिप्टऐवजी दुसरी मांडणी निवडली गेली आहे का ते बघा.