जुना डेस्कटॉप न काढता आयथ्री वापरून पाहा

आयथ्री हा लिनक्सवरचा विंडो मॅनेजर, म्हणजे विंडोज एकमेकींवर न पसरता आपोआप शेजारीशेजारी मांडणारा आणि मुख्यतः कीबोर्डवर चालणारा प्रोग्रॅम. तो वापरून पाहायला सध्याचा ग्नोम, केडीई किंवा एक्सएफसीई डेस्कटॉप काढावा लागत नाही. तो त्यांच्या शेजारी बसतो आणि नाही जमला तर लॉगआउट करून परत जुन्या सेशनमध्ये जाता येतं. डेबियन-उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल आयथ्री’, फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ. डेबियनवर याच पॅकेजसोबत खालच्या पट्टीसाठी आयथ्री-स्टेटस, स्क्रीन लॉक करायला आयथ्री-लॉक आणि प्रोग्रॅम उघडायला डीमेन्यूही येतात. मात्र ‘शिफारस केलेली पॅकेजेस नकोत’ असा पर्याय दिला असेल तर ती येणार नाहीत आणि पहिल्याच मिनिटाला अडायला होईल.

लॉगआउट करा. ग्नोमच्या लॉगिन स्क्रीनवर आधी आपलं नाव निवडावं लागतं, तेव्हा कुठे कोपऱ्यात दातेरी चक्र दिसतं. त्यातून आयथ्री निवडा. यादीत ‘डीबग लॉग’वाली आणखी एक नोंद असते, ती नको.

आत शिरताच दोन प्रश्न येतात. पहिला, कॉन्फिग फाइल (सेटिंग्जची फाइल) तयार करू का? हो म्हणा. दुसरा, मॉड की (आयथ्रीच्या प्रत्येक शॉर्टकटमध्ये दाबायची की) कोणती ठेवायची: विन किंवा ऑल्ट? विन घ्या. ऑल्ट घेतली तर फायरफॉक्समध्ये ऑल्ट आणि आकडा दाबून टॅब बदलता येणार नाहीत, कारण तेच दाबलं की आयथ्री वर्कस्पेस, म्हणजे विंडोजचा वेगळा पडदा, बदलतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र विन की बऱ्याचदा मूळ सिस्टिमच पळवते, तिथे ऑल्टच बरी.

यानंतर काळी स्क्रीन आणि तळाशी बारीक पट्टी उरते. काही बिघडलेलं नाही, आयथ्री असाच दिसतो. मॉड-एंटर दाबा, टर्मिनल उघडेल. मॉड-डी दाबून प्रोग्रॅमचं नाव टाइप करा. विंडो बंद करायला मॉड-शिफ्ट-क्यू, एका विंडोतून दुसरीत जायला मॉड आणि बाणाच्या कीज, विंडोच हलवायची तर त्यात शिफ्ट मिळवा. मॉड-१ ते मॉड-० ही दहा वर्कस्पेसेस. मॉड आणि शिफ्टसकट आकडा दाबला की चालू विंडो त्या वर्कस्पेसवर जाते. बाहेर पडायला मॉड-शिफ्ट-ई. एवढ्यावर पहिला आठवडा निघतो.

खरी गोची होते ती विभागणीत. तीन टर्मिनल उघडली की ती शेजारीशेजारी, प्रत्येकी एक तृतीयांश रुंदीत बसतात. एक खाली हवं असेल तर आधी मॉड-व्ही, मग मॉड-एंटर. मॉड-व्ही दाबल्यावर काहीच झालं नाही असं वाटतं, म्हणून लोक दुसरीच कुठली तरी की दाबून बसतात. चालू विंडोच्या कडेकडे नीट पाहा: आता तिची खालची कड वेगळ्या रंगाची असते. पुढची विंडो त्या बाजूला उघडणार, एवढाच त्याचा अर्थ. मॉड-एच दाबली की ती रंगीत कड उजवीकडे.

आयथ्री विंडोज झाडासारख्या रचतो: डब्यात डबे, सगळ्यात आतल्या डब्यात विंडो. मॉड-व्ही आणि मॉड-एच चालू विंडोभोवती नवा डबा करतात. मॉड-ई, मॉड-एस आणि मॉड-डब्ल्यू या कीज ती विंडो ज्या डब्यात आहे त्याची मांडणी बदलतात: विभागलेली, एकावर एक रचलेली किंवा टॅबमधली. मॉड-ए दाबली की निवड एक पायरी वर, बाहेरच्या डब्यावर जाते. तशा अवस्थेत मॉड-शिफ्ट-क्यू दाबलं तर त्या डब्यातल्या सगळ्या विंडोज एकदम बंद होतात, तेव्हा जपून. लॅपटॉपच्या लहान स्क्रीनवर टॅबवाली मांडणीच जास्त कामाची. चार विंडोज चौकोनात कोंबल्या तर एकही धड वाचता येत नाही.

कॉन्फिग फाइल होममधल्या लपलेल्या डॉट-कॉन्फिग फोल्डरात, आयथ्रीच्या फोल्डरात असते. दुसऱ्या कुणाची सजवलेली फाइल आणून टाकू नका. त्यातले निम्मे प्रोग्रॅम तुमच्याकडे नसतात आणि कीज वेगळ्या असतात, मग काय बिघडलं तेच कळत नाही. सुरुवातीला फक्त फॉन्टचा आकार ८वरून ११ करा आणि मॉड-शिफ्ट-सी दाबून फाइल पुन्हा वाचायला लावा. वर लाल पट्टी आली तर चूक फाइलमध्ये आहे. पट्टीवरच्या बटणाने ती पाहता येते. बहुतेक वेळा एकच की दोन कामांना बांधलेली (नेमून दिलेली) असते, किंवा ‘रिटर्न’च्या जागी ‘एंटर’ लिहिलेलं असतं. सुरू होताना चालवायच्या प्रोग्रॅमसाठी ‘एक्झेक’ वापरा. ‘एक्झेक-ऑलवेज’ मॉड-शिफ्ट-आर दाबून रीस्टार्ट केल्यावरही चालतं, त्यामुळे तोच प्रोग्रॅम अनेकदा उघडलेला सापडतो.

जुना डेस्कटॉप गुपचूप करत असलेली काही कामं इथे स्वतः लावावी लागतात. आवाजाच्या कीज मूळ फाइलमध्ये बांधलेल्या आहेत, पण त्या आवाज कमी-जास्त करणारी पीएसीटीएल ही कमांड चालवतात. डेबियनवर ती पल्सऑडिओ-युटिल्स पॅकेजमध्ये मिळते. ब्राइटनेसच्या कीज बांधलेल्याच नसतात, त्यासाठी ब्राइटनेस-सीटीएल हा प्रोग्रॅम घेऊन कीज स्वतः बांधा. टचपॅडवर टॅप करून क्लिक होत नसेल तर एक्सऑर्गच्या (स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या सर्व्हरच्या) सेटिंगमध्ये लिबइनपुट या टचपॅड-माऊस हाताळणाऱ्या भागाचा ‘टॅपिंग’ पर्याय ‘ऑन’ करा. एखादा प्रोग्रॅम पासवर्ड न विचारताच अडून बसत असेल, तर पोलकिटचा एजंट, म्हणजे परवानगीसाठी पासवर्ड विचारणारा छोटा प्रोग्रॅम, चालू नाही. तो ‘एक्झेक’च्या ओळीने सुरू करा. स्क्रीन दाट असून अक्षरं मुंगीएवढी दिसत असतील तर एक्सरिसोर्सेस फाइलमध्ये डीपीआयचा (दर इंचातल्या ठिपक्यांचा) आकडा ९६वरून १४४ करा आणि पुन्हा लॉगिन करा.

आयथ्री एक्स-इलेव्हन या लिनक्सच्या जुन्या चित्रप्रणालीवर चालतो. तिच्या जागी आलेलं वेलँडच हवं असेल तर आयथ्रीसारखाच स्वे घ्या. आयथ्रीची कॉन्फिग फाइल त्यात बहुतांशी तशीच चालते. टचपॅड आणि डीपीआयची वरची कृती मात्र तिथे लागू नाही, ते सगळं स्वेच्याच फाइलमध्ये लिहायचं असतं.