घाऊक माल घेऊन ऑनलाइन विकताना या चुका टाळा

इंदूरच्या सियागंज किंवा रानीपुरा या घाऊक बाजारांत एखादी वस्तू १२० रुपयांना मिळते आणि तीच मोबाइलवर २९९ रुपयांना विकली जात असल्याचे दिसते, तेव्हा मधले १७९ रुपये आपलेच आहेत असे वाटू लागते. इंदूरमधल्या मराठी घरांतून, नोकरी सांभाळून किंवा निवृत्तीनंतर, ऑनलाइन विक्री सुरू करणाऱ्यांची पहिली चूक बहुधा याच आकड्यापाशी होते.

हिशेब मांडून पाहू. वस्तूवर १८ टक्के जीएसटी असेल, तर २९९ पैकी सुमारे ४६ रुपये कराचे असतात आणि विक्रेत्याकडे २५३ रुपये उरतात. त्यातून खरेदीचे १२०, संकेतस्थळाचे कमिशन व पार्सलचे भाडे मिळून समजा ११० आणि वेष्टनाचे ८ रुपये वजा केले, की हातात १५ रुपये राहतात. आता वीस पार्सलांपैकी चार परत आली आणि प्रत्येक परतीला भाडे व वाया गेलेले वेष्टन धरून ७० रुपये लागले, तर सोळा पार्सलांवर मिळालेले २४० रुपये जातात आणि वर ४० रुपये पदरचे घालावे लागतात. एकही वस्तू फुटलेली नाही, कोणी फसवलेलेही नाही, तरी महिनाभर काम करून तोटाच झाला. म्हणून माझे मत असे, की घाऊक भाव सर्वांत शेवटी विचारावा. ही वस्तू परत का येईल, हा प्रश्न आधी विचारावा.

कपड्यांच्या बाबतीत त्याचे उत्तर जवळजवळ ठरलेलेच असते: माप बसत नाही. त्यातच कुर्ती किंवा टी-शर्ट घाऊक बाजारात सुटे मिळत नाहीत, तर मापांच्या सेटने घ्यावे लागतात. दोन मापे चटकन संपतात, उरलेली दोन पडून राहतात, आणि संपलेल्या मापांसाठी पुन्हा पूर्ण सेट घेतला की पडून राहिलेला माल दुप्पट होतो. नवख्या माणसाने कपड्यांकडे वळायचेच असेल, तर ज्यांत मापाचा प्रश्न नाही अशा वस्तू, उदाहरणार्थ ओढण्या, चादरी किंवा उशांचे अभ्रे, आधी पाहाव्यात. तयार कपडे घेतलेच, तर व्यापाऱ्याच्या लेबलवर विसंबू नये; छाती व उंची स्वतः टेपने मोजून तेच आकडे संकेतस्थळावर द्यावेत.

दुसरी चूक वजनाची. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जास्त असेल त्यावर भाडे लावते. लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये गुणून साधारणतः ५००० ने भागतात. ३० गुणिले २० गुणिले १५ च्या खोक्यात ठेवलेली ४०० ग्रॅमची प्लास्टिकची टोपली त्यामुळे १.८ किलोची ठरते. घाऊक बाजारात जाताना खिशात टेप ठेवावा. गल्ल्यावरचा माणूस हसला तरी चालेल.

कच्च्या बिलाचा मोह मात्र सविस्तर समजून घेण्यासारखा आहे. ‘बिल नको, तर करही नको’ असे ऐकले की १२० रुपयांवरच्या १८ टक्के कराचे २१ रुपये ६० पैसे वाचल्यासारखे वाटते. परंतु पक्क्या बिलावर भरलेली हीच रक्कम, व्यापाऱ्याने आपले विवरणपत्र वेळेवर भरले असेल तर, विक्रीवरच्या ४६ रुपयांतून वजा करता येते. कच्च्या बिलावर ते पूर्ण ४६ रुपये भरावे लागतात. म्हणजे वाचत काहीच नाही. उलट ग्राहकाने माल बनावट असल्याची तक्रार केली आणि संकेतस्थळाने खरेदीचे बिल मागितले, तर दाखवायला कागद नसतो. मध्य प्रदेशाबाहेर माल पाठवायचा असेल, तर उलाढाल लहान असली तरी बहुतेक वस्तूंसाठी जीएसटी नोंदणी लागतेच.

काही वस्तू स्वस्त असल्या तरी नियमांत अडकतात. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ते नसलेली खेळणी कितीही कमी भावात मिळाली तरी घेऊ नयेत. इंदुरी शेव बाहेरगावी खपेल हा अंदाज चुकीचा नाही, पण त्यासाठी खाद्यपदार्थांचा परवाना किंवा नोंदणी, पाकिटावरची सर्व माहिती आणि पुरेशी शिल्लक मुदत लागते. मोबाइलच्या कव्हरवर नामांकित कंपनीचे चिन्ह छापलेले असेल, तर तो माल परत ठेवावा. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्यालाही सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हंगामी मालाविषयी मी अनुभवाने सांगतो. एका दिवाळीला मी बारा डझन रंगीत काचेचे दिवे एकदम उचलले, कारण तेवढे घेतले तरच भाव कमी मिळत होता. माल सणाच्या आठ दिवस आधी हाती आला, काही दिवे वाटेत फुटले, आणि उरलेले चार डझन पुढची दोन वर्षे रामबागेतल्या घराच्या माळ्यावर पडून होते. भाव थोडा जास्त पडला तरी पहिली खेप वीस-पंचवीस नगांचीच घ्यावी, आणि न खपलेला माल बदलून मिळेल का, हे पैसे देण्यापूर्वी बिलावर लिहून घ्यावे.

माल आधीच अडकला असेल, तर लगेच भाव पाडू नये. आधी परतीची कारणे एकेक वाचावीत. ‘फोटोसारखा रंग नाही’ असे वारंवार येत असेल, तर दिवसाच्या उजेडात नवा फोटो काढल्याने बराच फरक पडतो. वजनाचे भाडे जास्त लागले असेल, तर बंद पार्सल काट्यावर ठेवून व तिन्ही मापे टेपने दाखवून काढलेल्या फोटोंसह मुदतीत हरकत नोंदवावी. लहान, स्वस्त वस्तू दोन-तीन मिळून एका पार्सलात विकल्या, तर भाडे एकदाच लागते. इतके करूनही वस्तू परतच येत राहिली, तर ती संकेतस्थळावरून काढून ओळखीच्या दुकानदाराला खरेदीच्या भावात द्यावी. मोकळी झालेली रक्कम पुढच्या लहान खेपेला कामी येते.