शर्यतीची घोडी पैदाशीसाठी परदेशी धाडण्याआधी

घोडीचा पासपोर्ट, लसींच्या नोंदी, स्टडबुकाची (वंशावळीच्या नोंदवहीची) कागदपत्रं, हे सगळं निर्यातीचा एजंट करतो. त्याचेच तर पैसे घेतो. घोडीच्या अंगातली ओळखीची चिप मात्र स्वतः उभं राहून स्कॅन करायला लावा आणि नंबर कागदाशी ताडून बघा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या चाचणीसाठी रक्त हिसारच्या प्रयोगशाळेत जातं, अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात तिथून करा. समोरचा देश आणखी काय मागतो ते लेखी घ्या. फोनवरचं ऐकू नका.

आता मुद्द्याचं. पैदाशीचं काम संपलं की घोडी कुणाकडं जाणार, हे करारात लिहा. इसार घ्यायच्या आधी लिहा. गेल्या वेळी माझं हेच राहिलं, आता ती कुठं आहे हे विचारायलासुद्धा माझ्याकडं कुणी नाही.

समोरचा माणूस भला आहे हे उत्तर नव्हे. १९८६ ची केंटकी डर्बी, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात नावाजलेली शर्यत, जिंकलेला फर्डिनंड हा घोडा १९९४ मध्ये जपानला गेला. त्याला घोड्या मिळेनाशा झाल्या, तो व्यापाऱ्याच्या हाती लागला आणि २००२ मध्ये कत्तलखान्यात संपला. जगाला कळलं २००३ मध्ये. डर्बीवाल्याची ही गत, तर पुण्याच्या मोसमात एखादी शर्यत मारलेली आपली घोडी कुठल्या झाडाचा पाला! उलट सिल्व्हर चार्म, तोही डर्बीविजेता घोडा, २०१४ मध्ये जपानहून केंटकीला सुखरूप परतला, कारण विकतानाच परतीची अट घातली होती.

अट कशी असावी? विकायची, लिलावात काढायची किंवा पैदाशीतून काढायची झाली तर आधी आपल्याला लेखी कळवायचं, साठ दिवस थांबायचं, आणि परत घेण्याचा पहिला हक्क आपला. किंमत आजच ठरवा. आणि हीच अट पुढच्या खरेदीदाराच्या करारातही घालणं आपल्या खरेदीदारावर बंधनकारक करा. सातबाऱ्यावरचा बोजा जमीन विकली तरी जमिनीबरोबर जातो. घोडीचं तसं आपोआप होत नाही. पहिल्या खरेदीदारानं ती पुढं विकली की तुमचा कागद रद्दी. वर्षातून एकदा फोटो आणि चिपचं स्कॅनिंग मागा. एजंट म्हणेल, ‘साहेब, एवढं कोण लिहितंय?’ तुम्ही लिहा.

परत आणायचा खर्चही आताच धरा. विमानभाडं, आयात परवाना, पुन्हा चाचण्या, पुन्हा विलगीकरण. विकून आलेले पैसे त्यातच जातील. परवडणार नसेल तर तसं कबूल करा आणि दुसरा पर्याय लिहा: तिथंच नाव घालून दिलेल्या फार्मवर सांभाळ, किंवा आपल्या संमतीनं डॉक्टरच्या हातून शांत मरण. व्यापारी नाही, लिलाव नाही. आणि परत आणलीच तर पागा, चारा, नालबंद यांची सोय हवी. करवीर तालुक्यात ऊस आहे म्हणून वाढ्यांवर सांभाळू असं कुणी म्हणालं तर त्याला घोडी देऊ नका. तिला वाळलेलं चांगलं गवत लागतं. एकटीही ठेवू नका.

डॉक्टरकडून गर्भाशयाची तपासणी करून अहवाल घ्या. थरोब्रेडमध्ये, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत, कृत्रिम रेतन चालत नाही, जनावर स्वतःच जावं लागतं, आणि नंतर ‘गाभण राहत नाही’ म्हणून तक्रार आली तर हाच कागद उपयोगी. घोडा विकत असाल तर याहून सावध राहा: २००२ चा डर्बीविजेता वॉर एम्ब्लेम जपानला गेला आणि बहुतेक माद्यांकडं ढुंकून बघेना.

पैदाशीचा हंगाम बघा. उत्तर गोलार्धात तो फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो, घोडी त्याआधी रुळलेली हवी.

मग प्रवास. कोल्हापूर ते मुंबई डोकं वर बांधून एका दमात नेऊ नका, फुप्फुसाला बाधतं; वाटेत थांबा, मान खाली घालू द्या, पाणी पाजा. विमा, नाल आणि सोबत जाणारा ग्रूम (घोडी सांभाळणारा माणूस) यांचं एजंटला विचारा.

गाडीत चढवण्याआधी परतीच्या अटीचं पान काढा. सही दोन्हीकडची आहे का बघा. नसेल तर घोडी चढवू नका.