ट्रॅपसाठी शॉटगन बसवताना आधी डोळा पाहा

ट्रॅप म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या टिपण्याचा खेळ. त्यातल्या शॉटगनला मागची साईट, म्हणजे नेम जुळवायची मागची खूण, नसते. ते काम तुमचा डोळा करतो. म्हणून गाल स्टॉकवर (बंदुकीच्या मागच्या दस्त्यावर) कुठे टेकतो, यावरच छर्रे कुठे जातील हे ठरतं. मातीची तबकडी सारखी हुकत असेल, तर काडतूस किंवा चोक (नळीच्या तोंडाचा निमुळता भाग) बदलण्याआधी हे तपासा.

रेंजवर १६ यार्डांवर (सुमारे १४.६ मीटर) मोठा कागद लावा, मधे ठिपका काढा. बंदूक खांद्याला लावा आणि नेम न घोटता लगेच झाडा. एकाच कागदावर चार-पाच बार पुरेत. छर्‍यांचा दाट भाग जिथे दिसेल, तिथे तुमची बंदूक खरोखर मारते.

खाली लागत असेल तर कोंब (comb), म्हणजे स्टॉकची गाल टेकतो ती कड, वर घ्या. साधारण १.६ मिलिमीटर उचललं की या अंतरावर मार सुमारे अडीच सेंटिमीटर वर जातो. डावं-उजवंही तसंच: डोळा सरकतो त्या बाजूला मार सरकतो. ट्रॅपची तबकडी उडताना वर चढत असते, त्यामुळे मार थोडा वरच ठेवलेला मला पटतो.

आणि कृपा करून, घरी सराव करताना दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, दर वेळी.